नक्श आणि मिजान : अंकांच्या एका जुन्या वाटेचा इतिहास

तावीज न पाहिलेला माणूस वऱ्हाडातल्या मुस्लिम मोहल्ल्यात सापडणे कठीण. तान्ह्या मुलाच्या गळ्यात, दुकानाच्या चौकटीवर, ऑटोरिक्षाच्या आरशाला तो असतोच. आमच्या बडनेऱ्यात जुन्या वस्तीत तो आहे आणि नव्या वस्तीतही आहे. तावीज उघडला तर आत बहुतेक वेळा घडी घातलेला कागद आणि त्यावर आखलेला एक चौकोन निघतो. वर ७८६, खाली नऊ किंवा सोळा घरे आणि प्रत्येक घरात एक आकडा. याला नक्श म्हणतात. तावीज सहसा उघडायचा नसतो, म्हणून ज्याच्या गळ्यात तो असतो त्याने आतले आकडे बहुधा कधी वाचलेले नसतात.

तावीज बांधणे जायज आहे की नाही, या वादात आम्हाला येथे शिरायचे नाही. उलेमांमध्ये त्यावर मतभेद आहेत आणि तो प्रांत त्यांचा आहे. आम्ही शिक्षक आहोत, म्हणून आमचे प्रश्न वेगळे आहेत. त्या चौकोनातले आकडे आले कोठून? ते कोणत्या हिशेबाने मांडले जातात? आणि ज्या समाजाच्या घराघरात हा हिशेब बांधलेला आहे, त्या समाजाची मुले गणिताच्या तासाला मान खाली घालून का बसतात? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे इतिहासात मिळतात. तिसऱ्याचे उत्तर आपल्याला शोधावे लागेल. पण त्याची सुरुवातही याच इतिहासातून करता येईल असे आम्हाला वाटते.

नक्श कसा भरतात

नक्शचा पाया अबजद हा आहे. अरबीच्या २८ अक्षरांना त्यात १ ते १००० पर्यंत किमती दिलेल्या आहेत. अलिफ १, बे २, जीम ३, दाल ४ असे करत ये १०, काफ २०, काफनंतर लाम ३०, आणि शेवटी गैन १०००. अंकचिन्हे रूढ होण्यापूर्वी अक्षरांनीच संख्या लिहायची ही पद्धत ग्रीक, हिब्रू आणि अरबी या तिन्ही भाषांत होती. उर्दू-फारसीतले शायर तिच्यावरून जन्म-मृत्यूची सालेही काढीत. त्याला तारीखगोई म्हणतात.

७८६ हा आकडाही अबजदचाच. बिस्मिल्लाहच्या चार शब्दांच्या किमती अनुक्रमे १०२, ६६, ३२९ आणि २८९ येतात. त्यांची बेरीज ७८६. येथे एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. मोरोक्को-अल्जीरियाकडच्या मगरिबी परंपरेत अबजदचा क्रम थोडा निराळा आहे. आपल्याकडे सीनची किंमत ६० धरतात, तर तिकडे ३००. बिस्मिल्लाहमध्ये सीन एकदा येतो. तेव्हा त्याच पवित्र शब्दांची बेरीज तिकडच्या हिशेबाने १०२६ होते. शब्द तेच, श्रद्धा तीच, आकडा मात्र निराळा. म्हणजे ७८६ ही माणसांनी ठरवलेली एक खूण आहे. तिच्यामागचा आदर शब्दांचा आहे, आकड्याचा नाही.

आता नक्शकडे वळू. नऊ घरांच्या नक्शला मुसल्लस म्हणतात, सोळा घरांच्या नक्शला मुरब्बा. मूळ मुसल्लस असा :

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

आडवी, उभी, तिरपी कोणतीही ओळ घ्या, बेरीज १५ येते. कोपऱ्यांवर २, ४, ६, ८ या सम संख्या आहेत. अबजदमध्ये त्या बे, दाल, वाव आणि हे. या चार अक्षरांचा मिळून ‘बुदूह’ असा शब्द झाला, आणि पत्र सुखरूप पोहोचावे म्हणून अरब मुलुखात तो लिफाफ्यावरही लिहिला जाऊ लागला.

आमिलला मात्र १५ नको असते, त्याला आपल्या शब्दाची बेरीज हवी असते. त्यासाठीचा नियम सोपा आहे. हव्या त्या बेरजेतून १२ वजा करा, उरलेल्याला ३ ने भागा आणि जो भागाकार येईल तो १ च्या घरात लिहा. पुढच्या घरांत क्रमाने एकेक वाढवत जा. ७८६ मधून १२ गेले, ७७४ उरले. त्याला ३ ने भागले, २५८ आले. नक्श तयार झाला :

२६१ २६६ २५९
२६० २६२ २६४
२६५ २५८ २६३

वाचकांनी कागद घेऊन आठही ओळींची बेरीज करून पाहावी. प्रत्येक वेळी ७८६ येईल. मुरब्बासाठी १२ ऐवजी ३० वजा करायचे आणि ४ ने भागायचे. ७८६ त्यालाही नि:शेष भागला जातो. १८९ येतात आणि १८९ ते २०४ या सोळा संख्यांत नक्श बसतो.

भागाकारात बाकी उरली तर? आमिलांच्या भाषेत तिला कसर म्हणतात. बाकी १ उरली तर मुसल्लसच्या सातव्या घरापासून पुढे एकेक वाढवायचा, असा त्यांचा नियम आहे. हा नियम आम्ही आठवीच्या मुलांना ७८७ साठी करून पाहायला सांगतो. सहा ओळी जमतात, एक तिरपी ओळही जमते. दुसरी तिरपी ओळ, म्हणजे ४, ५, ६ या घरांची, एकने कमी पडते. ती कमी पडणारच. मधल्या घरातून चार ओळी जातात. त्या चारही ओळी मिळवल्या तर प्रत्येक घर एकदा येते, फक्त मधले चारदा येते. म्हणजे बेरजेची चौपट ही तिप्पट अधिक मधल्या घराची तिप्पट एवढी असते. यावरून मधले घर बेरजेचा बरोबर तिसरा हिस्सा असले पाहिजे. ज्या बेरजेला ३ ने भाग जात नाही तिचा पूर्ण मुसल्लस पूर्णांकांत कोणालाही, कोणत्याही घडीला, लिहिता येणार नाही. मुरब्बाला ही अडचण नाही. त्यात बाकी १ असेल तर तेराव्या घरापासून एकेक वाढवतात, आणि शेवटच्या चार घरांपैकी एकेक घर प्रत्येक ओळीत आलेले असल्यामुळे सगळ्या ओळी जमतात.

इतक्या शिस्तीचे गणित कोण्या अडाणी माणसाने रचलेले नाही. यामागे मोठमोठी माणसे आहेत.

चौकोनाचा प्रवास

नऊ घरांचा चौकोन चिनी लोकांनी फार प्राचीन काळी मांडला होता. हिंदुस्थानात सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत सोळा घरांचा एक चौकोन दिला. त्यात १ ते ८ या संख्या दोनदा येतात आणि बेरीज १८ होते. तो कशासाठी होता? सोळा सुगंधी द्रव्ये कोणत्या प्रमाणात मिसळावीत हे सांगण्यासाठी. अत्तर बनवणाऱ्या आपल्या भाईबंदांना ही गोष्ट आवडावी.

दहाव्या शतकात हा विषय बगदाद आणि बसऱ्यात बहरला. अरबीत त्याचे नाव ‘वफ्क’. बसऱ्याच्या इख्वानुस्सफा या विद्वानांच्या मंडळाने आपल्या रिसाल्यांत ओळीला तीन घरांपासून नऊ घरांपर्यंतच्या चौकोनांचा उल्लेख केला. त्याच शतकातले अली इब्न अहमद अल-अंताकी (मृत्यू ९८७) आणि अबुल वफा अल-बूजजानी (९४०-९९८) यांनी ते भरण्याच्या रीती लिहिल्या. अबुल वफा हे त्रिकोणमितीतले मोठे नाव. प्रकाशशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचा उल्लेख होतो त्या इब्नुल हैसम यांनीही या विषयावर लेखन केले. या मंडळींचा प्रश्न गणिताचा होता : विषम घरांचा चौकोन कोणत्या नियमाने भरावा, सम घरांचा कोणत्या, आणि एक ओळ काढून टाकली तरी आतला चौकोन तसाच जमून राहील अशी मांडणी करता येईल काय?

इकडे खजुराहोच्या पार्श्वनाथ या जैन मंदिराच्या दाराच्या चौकटीवर सोळा घरांचा चौकोन कोरलेला आहे. त्याची बेरीज ३४, म्हणून त्याला चौतीसा यंत्र म्हणतात. आमिल जो मुरब्बा आधाराला घेतात त्याचीही बेरीज ३४ आहे आणि त्यातही १ ते १६ हेच आकडे आहेत. मंदिराच्या चौकटीवरचा चौकोन आणि तावीजातला चौकोन हे असे एकाच घराण्यातले आहेत.

पुढे दिल्लीत खिलजींच्या टांकसाळीत ठक्कर फेरू नावाचे जैन अधिकारी होते. सुलतानाची नाणी पारखणाऱ्या या माणसाने चौदाव्या शतकाच्या आरंभी ‘गणितसारकौमुदी’ लिहिली आणि तीत या चौकोनांना जागा दिली. १३५६ साली नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’ पुरी केली. तिचे शेवटचे, चौदावे प्रकरण सगळे याच विषयाला वाहिलेले आहे. त्यांनी त्याला भद्रगणित असे सुंदर नाव दिले.

यानंतरची हकिकत सुरतेची आहे. चौदाव्या लुईचा वकील म्हणून सयामला गेलेला फ्रेंच गृहस्थ ला लूबेर १६८८ साली परतत होता. जहाजावर व्हेन्साँ नावाच्या सहप्रवाशाने त्याला विषम घरांचा कोणताही चौकोन झटकन भरून दाखवला. ही रीत आपण सुरतेत शिकलो, असे त्याने सांगितले. ला लूबेरने ती १६९१ मध्ये आपल्या सयामवरील पुस्तकात छापली आणि युरोपात तिचे नाव पडले ‘सयामी पद्धत’! रीत अशी : वरच्या ओळीच्या मधल्या घरात १ लिहा. मग एक घर वर, एक घर उजवीकडे जात पुढचा आकडा लिहा. चौकोनाबाहेर गेलात तर समोरच्या बाजूने आत या. घर भरलेले असेल तर जिथे होता त्याच्या खाली उतरा. ही रीत नारायण पंडितांच्या ग्रंथात तीनशे वर्षे आधीच होती. सुरत हे तेव्हा हज यात्रेकरूंचे बंदर. बोहरी, बनिये, पारशी, अरब आणि फिरंगी व्यापारी तेथे शेजारी शेजारी बसून हिशेब करीत. व्हेन्साँला ती रीत कोणी शिकवली त्याचे नाव ला लूबेरने दिलेले नाही.

हा सगळा प्रवास पाहिला म्हणजे ‘हे आमचे’ आणि ‘हे तुमचे’ असे म्हणण्याला फारशी जागा राहत नाही. ज्यांना आपण अरबी आकडे म्हणतो त्यांना अरब स्वत: ‘अरकाम-ए-हिंदिया’ म्हणतात. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे. त्याच भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’चे फारसी भाषांतर अकबराच्या आज्ञेवरून १५८७ साली फैजीने केले. देवाणघेवाण अशी दोन्ही बाजूंनी होत आली आहे.

वाट कोठे वळली

चौकोनाला गुण असतात ही समजूतही जुनीच आहे. इमाम गजाली (१०५८-११११) यांच्या ‘अल-मुन्किज’ या आत्मकथनपर ग्रंथात नऊ घरांचा चौकोन आला आहे. प्रसूती अडली तर तो दोन कोऱ्या कापडांवर लिहून बाईच्या पायाखाली ठेवीत, अशी त्या काळची चाल त्यांनी नोंदवली आहे. पुढे अल-बूनी (मृत्यू १२२५) यांच्या नावावरच्या ‘शम्सुल मआरिफ’सारख्या ग्रंथांनी अक्षरे, ग्रह आणि चौकोन यांची सांगड घातली. अबुल वफांचे रिसाले ग्रंथालयांत राहिले. अल-बूनींची परंपरा बाजारात आली आणि छापखाना आल्यावर स्वस्त किताबांतून घरोघर पोहोचली. रीत तीच राहिली, पण ‘का?’ हा प्रश्न गळाला. आमिलला १२ वजा करणे ठाऊक असते. १२ च का, हे सांगणारा विरळा.

याचा तोटा फक्त विद्येचा झाला असे नाही. आजही अडलेल्या बाळंतिणीच्या घरी आधी तावीज येतो आणि मग गाडी बोलावली जाते, असे घडते. गजालींच्या काळी दुसरा इलाज नव्हता. आज सरकारी दवाखाना आहे, रुग्णवाहिका आहे. त्या घटकेला उशीर करणारा कागद, मग त्यावर काहीही लिहिलेले असो, दोन जिवांशी खेळ करतो. हे लिहिताना कोणाच्या श्रद्धेला दुखवण्याचा आमचा हेतू नाही.

मिजान : नवांचा तराजू

नक्शप्रमाणेच आणखी एक जुना हिशेब आपल्याकडे चालत आला आहे. मिजान म्हणजे तराजू. जुने हिशेबनीस गुणाकार-भागाकार बरोबर आहे की नाही ते ‘नऊ टाकून’ पाहत. संख्येतले अंक मिळवायचे, आलेल्या बेरजेचे अंक पुन्हा मिळवायचे, एकच अंक उरेपर्यंत. त्याला अंकमूळ म्हणू. वर २५८ ची तिप्पट ७७४ आली. २५८ चे अंकमूळ ६. त्याची तिप्पट १८, म्हणजे ९. ७७४ चे अंकमूळही ९. तराजू समतोल आहे. हे जमते कारण १०, १००, १००० यांना ९ ने भागले की प्रत्येक वेळी १ च बाकी उरते. म्हणून अंकांची बेरीज आणि मूळ संख्या यांची ९ ने भागल्यावरची बाकी सारखीच. दहाव्या शतकात दुसऱ्या आर्यभटांच्या ‘महासिद्धांता’त ही तपासणी आहे. इराणच्या गीलानचे कूशियार इब्न लब्बान यांनी इ. स. १००० च्या सुमारास हिंदी हिशेबावर अरबीत जी किताब लिहिली, तीतही ती मिजान या नावाने येते.

अंकमुळांच्या रांगा मुलांना फार आवडतात. १, २, ४, ८, १६, ३२, ६४ अशी दुप्पट करत गेलात तर अंकमुळे १, २, ४, ८, ७, ५ येऊन पुन्हा १ पासून सुरू होतात; त्या रांगेत ३, ६ आणि ९ कधीच येत नाहीत. वर्गसंख्यांची अंकमुळे १, ४, ९, ७, ७, ९, ४, १, ९ अशी येतात आणि पुन्हा तीच फिरतात. २, ३, ५, ६, ८ हे अंकमूळ असलेली संख्या म्हणूनच पूर्ण वर्ग असू शकत नाही. ७८६ चे अंकमूळ ३, तेव्हा ती पूर्ण वर्ग नाही हे वर्गमूळ न काढता कळते.

आता हा तराजू वरच्या ७८६ च्या नक्शवर ठेवून पाहा. प्रत्येक घराचे अंकमूळ घेतले तर असा चौकोन मिळतो :

९ ५ ७
८ १ ३
४ ६ २

१ ते ९ हे सगळे अंक एकेकदाच आले. ओळींच्या बेरजा १२ किंवा २१, आणि सगळ्यांचे अंकमूळ ३, म्हणजेच ७८६ चे. यात गूढ काही नाही. ओळीने आलेल्या नऊ संख्यांना ९ ने भागले की नऊ वेगवेगळ्या बाक्या उरणारच. पण हे स्वत: करून पाहताना मुलाच्या चेहऱ्यावर जो आनंद दिसतो, तो आम्हाला कोणत्याही चमत्कारापेक्षा कमी वाटत नाही.

तराजूला मर्यादाही आहे. ७८६ च्या जागी चुकून ८७६ लिहिले तर मिजान गप्प बसते, कारण अंक तेच आहेत. ३, १२, २१, ७८६ या सर्वांचे मूळ ३. दर नऊ संख्यांपैकी एकीचे ३ च असते. म्हणूनच नावाचा ‘मूलांक’ काढून नशीब सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. नऊच खाने असलेल्या फडताळात साऱ्या दुनियेची नावे टाकल्यावर एका खान्यात किती भिन्न माणसे येतील! मग ते सांगणारा अबजदवाला असो की अंकज्योतिषी.

देवळालीचे मास्तर

मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या ज्या लोहमार्गावर आमचे बडनेरा आहे, त्याच मार्गावर डोंबिवली आणि देवळाली ही स्टेशने आहेत. या दोन नावांना गणितात जागा मिळवून देणारे गृहस्थ एक शाळामास्तर होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूला झाला. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद. मुलाला आकडेमोडीची गोडी त्या ज्योतिषाच्या हिशेबांतूनच लागली. मुलाने ज्योतिष सोडले आणि आकडे ठेवले. फर्ग्युसन कॉलेजात शिकताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये बी. एस्सी. होऊन १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी देवळालीच्या शाळेत शिकवले. पदव्युत्तर शिक्षण नाही, प्रयोगशाळा नाही. खडू, फळा आणि अंक एवढेच भांडवल.

जी. आय. पी. रेल्वेच्या डोंबिवली स्टेशनावर, ज्याला तेव्हा डेम्लो म्हणत, एका प्रकारच्या संख्यांची कल्पना त्यांना सुचली. त्या झाल्या डेम्लो संख्या. आपल्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला नि:शेष भाग जातो तिला त्यांनी हर्षद म्हटले. एखाद्या संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून नवी संख्या करायची हा त्यांचा आवडता खेळ. ७७१ मध्ये १५ मिळवले की ७८६ येते. पण २०, ३१, ४२ अशा काही संख्या कोणत्याही संख्येपासून या रीतीने मिळत नाहीत. त्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले. त्या देवळाली संख्या म्हणूनही ओळखल्या जातात.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४ हा. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. चारही अंक सारखे मात्र नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाने लिहिलेली संख्या वजा करा आणि हेच पुन्हा करत जा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते आणि तेथेच थांबते. आपण ०७८६ घेऊ. ८७६० वजा ०६७८ म्हणजे ८०८२. ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. तीन पायऱ्यांत पोहोचलो. येथेही नवांचा तराजू आहेच : अंक तेच राहून जागा बदलल्या की वजाबाकीला ९ ने भाग जातो, म्हणून ८०८२, ८५३२ आणि ६१७४ या तिघांचेही अंकमूळ ९. शिवाय ६१७४ ला तिच्या अंकांच्या बेरजेने, म्हणजे १८ ने, भागले तर ३४३ येतात. ती हर्षदही आहे.

विद्यापीठांतल्या पंडितांनी कापरेकरांना बराच काळ गंभीरपणे घेतले नाही. आपली टिपणे त्यांनी अनेकदा स्वत:च छापली. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्याविषयी लिहिले तेव्हा जगाला या मास्तरांची ओळख झाली. १९८६ मध्ये देवळालीला त्यांचे निधन झाले. ज्योतिषाच्या घरात जन्मलेल्या माणसाने त्याच आकड्यांना ‘तुम्ही माझे काय भले कराल?’ असे न विचारता ‘तुम्ही असे का वागता?’ असे विचारले. बगदादमध्ये अबुल वफांनी हेच विचारले होते.

आपल्या उर्दू शाळांतल्या मुलांनी हाच प्रश्न विचारावा, एवढीच आमची इच्छा आहे. आपला वारसा मोठा आहे असे जलशांतून आपण पुष्कळ सांगतो. तो वारसा मुलाच्या हाताला लागावा यासाठी वेगळ्या खर्चाची गरज नाही. गणिताच्या एका तासाला फळ्यावर नऊ घरे आखावीत, ७८६ ची बेरीज जमवून घ्यावी आणि मग विचारावे : १२ च का वजा केले? उत्तर मुलांनीच शोधायचे आहे. एक ते नऊ ऐवजी शून्य ते आठ मांडले की ओळीची बेरीज किती येते, एवढी खूण दिली तरी पुरे. ज्या दिवशी एखादी मुलगी उठून ते कारण सांगते, त्या दिवशी नक्शचे कोडे तिच्यापुरते सुटलेले असते आणि गणिताची भीतीही बरीच उतरलेली असते. तिच्या गळ्यात तावीज असेल किंवा नसेल. तो तिच्या घरच्यांचा प्रश्न. त्यातले आकडे तिला वाचता आले पाहिजेत, ही जबाबदारी आम्हा शिक्षकांची आहे.